देवाचा नकार, जातीचा स्वीकार

नास्तिकता वाढते आहे, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. कोणी त्याने सुखावतो, कोणी धास्तावतो. २०११ च्या जनगणनेत स्वतःला निरीश्वरवादी म्हणून नोंदवणारे देशभरात जेमतेम ३३ हजारांच्या घरात होते; तेव्हा आकड्यांचा गवगवा करण्याचे कारण नाही. परंतु शिकलेल्या घरांतून, महाविद्यालयांच्या आवारांतून ‘मी देव मानत नाही’ हे वाक्य आज सहज कानी पडते. प्रश्न असा की, या वाक्याने समाजात नेमके काय बदलते? आणि कोणासाठी बदलते?

या देशात नास्तिकतेचा वाद मुळात देवाविषयी नव्हताच. मनुस्मृतीने दुसऱ्या अध्यायात नास्तिक ठरवला तो वेदांची निंदा करणाराला. म्हणूनच जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारे मीमांसक आस्तिकांच्या पंक्तीत सन्मानाने बसले, आणि बुद्ध मात्र पंक्तीबाहेर गेला. याचा अर्थ उघड आहे. ब्राह्मणी व्यवस्थेला देवावाचून चालत होते. ग्रंथप्रामाण्य आणि त्यावर उभी असलेली वर्णव्यवस्था यांच्यावाचून चालत नव्हते. देव नाकारलात तरी चालेल, जात नाकारू नका, हा तिचा मुकाट करार आहे. आजचे अनेक नास्तिक तो करार न वाचताच त्यावर सही करीत आहेत.

उलट बाजूही पाहावी. महात्मा फुले नास्तिक नव्हते. त्यांनी निर्मिक मानला. पण निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, ही त्यांची भूमिका होती. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला आणि या समाजाने भटावाचून लग्ने लावली. जातीची मुळे खणण्याचे काम या ईश्वर मानणाऱ्या माणसाने जेवढे केले, तेवढे कितीशा पांढरपेशा निरीश्वरवाद्यांनी केले? कसोटी लावायची तर ती ही लावली पाहिजे.

निरीश्वरवाद ही जिथे लोकचळवळ झाली, त्या तमिळ भूमीचा अनुभवही तपासला पाहिजे. पेरियारांनी १९२५ साली स्वाभिमान चळवळ उभी केली. देवांच्या मूर्तींवर तिने घाव घातले, त्याहून मोठा घाव पुरोहितावर घातला. पुरोहिताशिवाय लागलेल्या स्वाभिमान विवाहांना १९६७ साली अण्णादुराईंच्या सरकारने कायद्याची मान्यता दिली. हे यश लहान नाही. परंतु त्याच राजवटीत, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तंजावर जिल्ह्यातल्या किळवेणमणी गावी मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांची वस्ती पेटवली गेली. एका झोपडीत आसरा घेतलेले ४४ जण जळून मेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. जमीनदारांना पुढे उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. पेरियारांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. मात्र विवेकवादाची परंपरा सांगणारे सरकार सत्तेवर आले तरी जमीन ज्याच्या हाती त्याची जात हलत नाही, एवढे सत्य त्या राखेने शिकवले.

साहित्यातही हेच दोन प्रवाह दिसतात. मध्यमवर्गीय मराठी लेखकाची नास्तिकता बहुधा एकाकी खोलीत जन्मते. देव हरवला म्हणून तो व्याकूळ होतो. आभाळ रिकामे झाले याचे त्याला दुःख आहे. दलित लेखकाला आभाळाची चिंता करायला सवड नाही. उत्तम बंडू तुपे यांच्या ‘झुलवा’त देवीला सोडलेल्या जोगतिणींचे जग येते. तिथे देवी आहे की नाही हा प्रश्नच गौण ठरतो. तिच्या नावाने कोणाच्या लेकी सोडल्या गेल्या आणि त्यांच्यावर कोण पोसला गेला, हा प्रश्न आहे. आमच्या समीक्षेने पहिल्या व्याकुळतेला ‘वैश्विक’ म्हटले आणि दुसऱ्या जाबाला ‘प्रचारकी’. ही निवड सौंदर्यशास्त्राची नव्हे, जातीची आहे.

इथे मला माझा आजा आठवतो. त्याला अक्षर ओळख नव्हती. नास्तिक हा शब्द त्याने ऐकलाही नसेल. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्याने देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, आणि त्याच हंगामात गावची मेलेली ढोरे ओढणे सोडले. गावाला पहिल्या गोष्टीचा राग आला नाही. राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. पिठाची गिरणी बंद झाली, शेतावरचे काम बंद झाले. आज्याच्या लेखी त्या दोन गोष्टी नव्हत्याच. ती एकच गोष्ट होती. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांचे मर्म नेमके हेच आहे. त्यांत देवांना नकार आहे, तसाच ब्राह्मणाकरवी विधी करण्याला नकार आहे, आणि समतेसाठी झटण्याचा निर्धार आहे. नकाराला आचरणाची जोड आहे.

आता माझ्या पिढीची गोष्ट. एका सहकाऱ्याने मला अभिमानाने सांगितले की, त्याने मुलाच्या दाखल्यावर धर्माचा रकाना कोरा ठेवला. मी अभिनंदन केले. वर्षभराने त्याच घरात पुतणीसाठी स्थळे पाहिली जात होती, ती पोटजातीतलीच. त्याचा कोरा रकाना फुकटचा होता. आमचा रकाना फुकटचा नाही. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्माशी बांधला आहे. शिखांना तो १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाला. धर्म लिहिताना आमच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा विचार करावा लागतो. ज्याला गमावण्यासारखे काही नाही त्याची नास्तिकता आणि ज्याला सगळेच गमवावे लागू शकते त्याची नास्तिकता, या एका मापाने कशा मोजायच्या?

म्हणून नास्तिकता व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने जातपंचायतींच्या मनमानीला हात घातला. त्यातूनच महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा उभा राहिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. नुसता देव न मानणारा कोणाला अडचणीचा वाटत नाही. जो देवाच्या नावावर चालणारी सत्ता उघडी पाडतो, तो अडचणीचा होतो.

आणि आपण? ज्यांच्या आज्यांनी टाक नदीत सोडले, त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये आज वास्तुशांतीचा भट येतो, पत्रिका जुळवल्या जातात, पोटजात विचारली जाते. सवर्ण नास्तिकाला जाब विचारण्याआधी हा जाब घरात विचारला पाहिजे. देव गेला की नाही, याची मोजदाद नंतर करू. भट गेला का, पोटजात गेली का, गल्लीतल्या सफाई कामगाराच्या घरी आपण जेवायला बसतो का, हे आधी सांगा.