गोधडीचे प्रदर्शन आणि कर्तीचे नाव

गोधडी ही कलावस्तू आहे की नाही, हा वाद आता बहुतांशी मिटला आहे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र सचित्र ग्रंथ सिद्ध केला, यावरून या विषयाला लाभलेली प्रतिष्ठा ध्यानी यावी. प्रश्न उरतो तो त्यापुढचा. सामान्य स्त्रीच्या गौरवार्थ म्हणून गोधडी मांडली जाते, तेव्हा गौरव नेमका कोणाचा होतो?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे नाव वस्त्रकलेच्या इतिहासात येते ते पैठणी आणि हिमरू यांच्यामुळे. एकीला गावाने नाव दिले, दुसऱ्याला दरबाराने आश्रय दिला. याच जिल्ह्यातील कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावी घरी शिवल्या जाणाऱ्या गोधडीच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. तिच्यासाठी कापड विकत आणीत नाहीत. विरलेले लुगडे, फाटके धोतर, लेकराचे आखूड झालेले अंगडे यांचे थर एकमेकांवर अंथरून त्यांतून धावदोरा घालावयाचा, अधिक जीर्ण ते आत दडवावयाचे व त्यातल्या त्यात धड ते वर ठेवावयाचे, ही तिची रीत. म्हणजे गोधडीचा जो भाग प्रेक्षकास दिसतो तो तिचा निम्माच अर्थ होय. सासूचे लुगडे कोणत्या थरात आहे, हे शिवणारीलाच ठाऊक असते. अलीकडे कृत्रिम धाग्याच्या साड्या गोधडीत आल्या. त्यांचे रंग टिकतात, पण सुती लुगड्याचा मऊपणा त्यांना नाही, आणि केवळ डोळ्यांनी पाहणाऱ्या रसिकाला हा फरक कळत नाही.

केवळ डोळ्यांनी पाहण्याचा हा प्रघात प्रतिष्ठित झाला तो 1971 साली. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होलस्टीन व गेल व्हॅन डर हूफ यांनी अमेरिकन गोधड्या अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगून दाखविल्या. त्या प्रदर्शनाने गोधडीतील रंगयोजना पाहण्यास लोकांना शिकविले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु निवड झाली ती दर्शनी परिणामावरून. कर्ती आणि वापर ही दोन्ही मागे पडली. पुढे 2002 मध्ये ह्यूस्टन येथे अलाबामातील जीज् बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या त्यांच्या नावांनिशी मांडण्यात आल्या, आणि तीच वस्तू निराळ्या रीतीने वाचली जाऊ लागली.

याच संदर्भात मुंबईचे एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. 2020 च्या जानेवारीत पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात डिओरच्या वस्त्रदर्शनासाठी जूडी शिकागो यांनी कल्पिलेले भव्य ध्वज टांगले होते. त्यांवरील भरतकाम मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमध्ये शिकणाऱ्या स्त्रियांचे होते. स्त्रियांच्या हाती जगाचे राज्य असते तर काय, असा प्रश्न त्यांवर भरलेला होता. प्रश्न एकीचा, टाके अनेकींचे. स्त्रियांना एरवी दुर्मीळ असलेले शिक्षण त्यातून मिळाले, ही गोष्ट मोलाची; तरी त्या सोहळ्याचा विषय स्त्रीतील देवत्व हा होता, आणि देवत्वाच्या गौरवात सामान्य बाई सहज हरवते, असे मला वाटते.

आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासाने हा टप्पा कधीच ओलांडला आहे. साने गुरुजींनी ओव्या जमविल्या त्या स्त्रीजीवनाचे सामूहिक दर्शन म्हणून. पुढे हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करताना गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवली. त्यामुळे ओवी ही ‘लोकां’ची राहूनही एका बाईची झाली. गोधडीच्या बाबतीत मात्र आपण अद्याप पहिल्याच टप्प्यावर आहो. (गोधडी पांघरणाऱ्या गाडगेबाबांना लोकांनी गोधडे महाराज म्हटले, ती शिवणारीचे नाव विचारावे असे कोणास सुचले नाही.)

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो पोकळ नाही. गोधडी पुष्कळदा एकीची नसतेच. नणंदा-भावजया, शेजारणी दुपारच्या वेळी चारी बाजूंनी बसतात. अशा वेळी एकीचेच नाव लिहिणे म्हणजे चित्रकाराची सही गोधडीवर लादणे होय. मला यावर उपाय दिसतो तो नावे गाळण्याचा नव्हे, वाढविण्याचा. कापड कोणाचे, टाके कोणाकोणाचे, पांघरली कोणी, हे सारे पाटीवर यावे. गोधडी भिंतीवर न टांगता बाजेवर अंथरावी व तिचा एक कोपरा उलटून ठेवावा, म्हणजे टाक्यांची मागची बाजू दिसेल. आणि असे प्रदर्शन प्रथम पिशोरलाच भरवावे. पाटीवरील चूक दाखविणाऱ्या बाया तेथेच भेटतील.

सालाचा प्रश्न मात्र त्यानेही सुटणार नाही. झिजलेली गोधडी टाकून न देता तिच्यावर नवे कापड चढवितात, आणि जुनी नवीच्या पोटात जाते. अशा गोधडीच्या पाटीवर एकच साल लिहिता येत नाही. निदान दोन लिहावी लागतील, आणि पहिले बहुधा त्या घरातल्या म्हातारीलाच विचारावे लागेल.