तुफान सेनेची तालीम : साधनांविषयीं कांहीं विचार

जुन्या सातारा जिल्ह्यांत १९४३ पासून १९४६ पर्यंत चाललेल्या प्रतिसरकाराविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत तुफान सेनेचा उल्लेख आला, कीं कुंडल, शेणोलीजवळील रेल्वेवरचा ७ जून १९४३ चा छापा, नाना पाटील, जी. डी. बापू लाड व कॅप्टन भाऊ हीं नांवें ओघानें येतात. परंतु या तरुणांनीं कवाईत कोठें केली, व त्यापूर्वीं त्यांच्या अंगीं शिस्त कशी आली, या प्रश्नाशीं लेखक सहसा थांबत नाहींत. शिबिरें भरलीं, एवढ्यावर त्यांचें समाधान होतें. आमचें होत नाहीं.

इंग्रजी अमलांतील स्वयंसैनिकांचीं कवाइतीचीं दालनें येथील खेडुतांसाठीं नव्हतींच. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें परवान्यावांचून हत्यार बाळगणें गुन्हा ठरविलें होतें. १९२० चें सहायक दल युरोपीय व अँग्लो-इंडियन यांच्यापुरतें होतें. तेव्हां कृष्णाकांठीं असें दालन शोधावयाचें तर तें तालमींतच शोधलें पाहिजे. तालीम हा शब्द अरबी, मूळ अर्थ शिक्षण. आपल्याकडे तो इमारतीसच चिकटला. तांबड्या मातीचा हौदा, कोनाड्यांत मारुति, भिंतीशीं मुद्गल व लाठ्या. तेथें रात्रीं वीस-पंचवीस तरुण जमले तरी पोलिसपाटलास नवल वाटण्याचें कारण नव्हतें.

कुंडल हें औंध संस्थानांतलें, ही गोष्ट बहुधा केवळ हद्दीच्या सोयीची म्हणून सांगण्यांत येते. हें खरें, पण अपुरें. भवानराव पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्कारांचा पुरस्कार आयुष्यभर केला व आपल्या शाळांतून ते चालू केले. १९३९ च्या राज्यघटनेनें गांवचा कारभार पंचायतींकडे सोंपविला. म्हणजे औंधच्या हद्दींतील मुलांस सांघिक व्यायाम शाळेंतच ठाऊक झाला होता, व गांवानें आपला निवाडा आपण करावा हेंहि त्यांस नवें नव्हतें. राष्ट्र सेवा दल १९४१ सालीं निघालें; त्याचें बीज येथें पडलें तें अशा नांगरलेल्या भुईंत. आमचें हें अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु सारी शिस्त बाहेरून आली हें मतहि बहुतांशीं उतारवयांत सांगितलेल्या आठवणींवर उभें आहे, आणि आठवण ही कागदाशीं ताडून पाहिल्यावांचून प्रमाण मानूं नये, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

भूमिगतांनीं कागद ठेवले नाहींत, यांत त्यांचा दोष नाहीं. सांपडलेला कागद म्हणजे तुरुंग. तालमींनीं मात्र ते ठेवले असण्याचा संभव आहे: वर्गणीच्या वह्या, हौद्यांत घालावयाच्या तेल-ताकाचे हिशेब, हनुमान-जयंतीचा खर्च. आम्हां संग्राहकांची दृष्टि इकडे वळलेली नाहीं. पटवर्धनी सनद हातीं आली तर आपण ती रुमालांत बांधतों. तालमीची वही रद्दींत जाते. त्यांत कृष्णेला २००५ व २०१९ सालीं मोठे पूर येऊन गेले, म्हणून विलंब परवडणारा नाहीं. अशी वही ज्यांस मिळेल त्यांनीं १९४२ ते १९४६ चीं पानें प्रथम पाहावीं. लाठ्यांची खरेदी एकाएकीं वाढलेली दिसली, किंवा तेवढींच पानें फाडलेलीं आढळलीं, तरी दोहोंचाहि कांहीं अर्थ लावतां येईल.