चारशे खेळांचे खेळणे

मुळशी तालुक्यात, धरणाच्या पाण्याकडेच्या एका शाळेत गेलो असताना सरांनी टेबलाच्या खणातून एक लाल खेळणे काढून माझ्यापुढे ठेवले. तळहाताएवढे, वर छोटा रंगीत पडदा, खाली बटणे आणि खोक्यावर ठसठशीत आकडा: '४०० इन १'. किंमत पाचशे रुपयांच्या आसपास. सातवीतल्या एका मुलाच्या दप्तरातून ते जप्त झाले होते. "परत तर द्यायचेच आहे," सर म्हणाले, "पण यात वाईट नेमके काय, हे मुलाला सांगता यायला हवे."

प्रश्न रास्त होता. 'अभ्यास बुडतो' हे उत्तर पतंगालाही लागू पडते.

आधी चांगले सांगतो. या खेळण्याला मोबाईलची रेंज लागत नाही, आणि ताम्हिणीच्या वाटेवरच्या गावांत ही मोठीच सोय आहे. मध्येच जाहिरात येत नाही, पुढच्या पायरीसाठी ते पैसे मागत नाही. टीव्हीला जोडता येते. याहून महाग फोनमधल्या कित्येक खेळांना एवढे प्रशस्तिपत्र देता येणार नाही.

आता आत काय आहे ते पाहू. १९९० च्या दशकात लहान असलेल्या शिक्षकांना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, त्याच्या पिवळ्या कॅसेटी, मारिओ आणि कॉन्ट्रा आठवत असतील. निन्टेन्डो या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये विक्रीस आणलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या त्या नकला होत्या. मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली ते यंत्र घडले. पुढे नकलाकारांनी त्यातल्या अनेक चिप एकाच चिपमध्ये बसवल्या. अशा बहुतेक स्वस्त खेळण्यांच्या पोटात आजही तीच रचना असते.

ती रचना मात्र वर्गात शिकवण्याजोगी आहे. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके, म्हणजे एकूण ६१,४४०. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवायला एक बाइट धरला, तर चित्राला ६० किलोबाइट मेमरी हवी. मूळ यंत्रात चित्रासाठी मेमरी होती २ किलोबाइट! मग हे साधले कसे?

जमिनीवर फरशा बसवाव्यात तसे. ८ × ८ ठिपक्यांची एक फरशी. ओळीत ३२ फरशा, अशा ३० ओळी; एकूण ९६०. कोणत्या जागी कोणत्या क्रमांकाची फरशी, एवढेच लिहायला ९६० बाइट. रंगांच्या नोंदीला आणखी ६४. बेरीज १,०२४, म्हणजे बरोबर १ किलोबाइट. फरशीचे नक्षीकाम १६ बाइटांत मावते आणि ते कॅसेटमध्ये असते. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला ढग आणि झुडूप नीट पाहा: आकार एकच, फक्त एक पांढरा, एक हिरवा. असल्या काटकसरीमुळे तो अख्खा खेळ ४० किलोबाइटांत बसला. मोबाईलमधल्या एका साध्या फोटोलासुद्धा याहून कितीतरी जास्त जागा लागते.

आता त्या आकड्याकडे वळू. जुन्या कॅसेटींवर '९९९९९९९ इन १' असे छापलेले असे. प्रत्येक खेळाला ४० किलोबाइट धरले, तर सुमारे ४०० गिगाबाइट होतात. त्या काळी एवढी मेमरी घरात कुणी पाहिलीही नव्हती. प्रत्येक खेळ पाचच मिनिटे खेळायचा म्हटले तरी, न झोपता, सुमारे ९५ वर्षे लागतील. हे गणित सातवीची मुले सहज करतात. प्रत्यक्षात मोजकेच खेळ यादीत पुन्हापुन्हा येत: एकदा पहिल्या टप्प्यापासून, एकदा तिसऱ्यापासून, कधी जास्त 'लाइफ' देऊन. चारशे खेळांना १६ मेगाबाइट पुरतात, त्यामुळे आजचा दावा अशक्य नाही. पण यादीत तोंडवळा बदललेले जुनेच खेळ किती, हे मुलांकडून मोजून घ्यावे. मोजल्याशिवाय आकडा मानू नये.

नावांचेही तसेच. मूळ यंत्रावरच्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली, खेळांवरचा स्वामित्वहक्क संपलेला नाही. पुष्कळदा सुरुवातीच्या पडद्यावरून कर्त्या कंपनीचे नावच पुसलेले असते. परवानगी नाही ती नाहीच, वर नावही नाही.

तरी माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. फॅमिकॉमचा प्रोसेसर १९७५ च्या '६५०२' या स्वस्त चिपच्या घराण्यातला. १९८४ साली 'क्लास' प्रकल्पाखाली आपल्याकडच्या निवडक शाळांत 'बीबीसी मायक्रो' संगणक आले, त्यांच्यातही ६५०२ च होता. एका यंत्राला कळफलक होता आणि सुरू केल्यावर ते तुमच्या आज्ञेची वाट पाहत असे. दुसऱ्यात आज्ञा द्यायला जागाच नाही. उघडले तर हिरव्या पट्टीवर डांबरासारखा काळा थेंब दिसतो. तो इपॉक्सीचा थेंब चिपचे रक्षण करतो आणि खर्च वाचवतो हे खरे, पण त्यावर ना नाव, ना क्रमांक. मुलाच्या हातात संगणक आहे आणि त्याला ते कळू नये, अशी ही व्यवस्था. कळफलक जोडलेल्या अशा नकलाही बाजारात आल्या होत्या. त्यांच्यासाठी शैक्षणिक खेळ बनवण्याचा प्रयत्न डेरेक लोमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्लेपॉवर' या नावाने २००८ च्या सुमारास सुरू केला होता. म्हणजे हे अशक्य नव्हते.

एक व्यवहाराची गोष्ट. आत लिथियमची बॅटरी असते. इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ खेळांना २०१२ च्या आदेशापासून भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर ते चिन्ह शोधावे. फुगलेली बॅटरी मुलांना हाताळू देऊ नये.

सरांनी खेळणे परत दिले, पण आधी वर्गात आलेखाचे कागद वाटले. ८ × ८ च्या फरशांत 'मुळशी' लिहायचे होते. रोमन अक्षर एका फरशीत मावते. आपला उकार खाली गेला, वेलांटी वर. शब्द तीन मजली झाला: रुंदीला चार, उंचीला तीन, एकूण बारा फरशा, १९२ बाइट. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, यातल्या बऱ्याच फरशा कोऱ्याच आहेत. कोरी फरशी एकदाच साठवली तर?"