प्रश्न कुणी लिहायचा?

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत बारावीतलं मूल असतं, तिथे कॉलेजांच्या याद्या सुरू होतात. त्या यादीत अलीकडे एक नाव दिसू लागलं आहे: इंजिनिअरिंग डिझाइन. कुठे त्याला डिझाइन इंजिनिअरिंग म्हणतात, कुठे पदवी नुसत्या 'इंजिनिअरिंग'ची असते आणि डिझाइन हा तिच्यातला भर देण्याचा विषय असतो. थोडं मेकॅनिकल, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग, शिवाय माणसांच्या मुलाखती घेणं, चित्र काढणं, गटात काम करणं, असं सगळं चार वर्षांत. मुलगी खूश असते. बाबा स्वतः पुण्या-मुंबईहून मेकॅनिकल करून आलेले असतात. ते विचारतात, "हे सगळं ठीक आहे गं, पण हे खरं इंजिनिअरिंग आहे का?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला मिळणारी उत्तरं बहुतेक वेळा फसवी असतात. कॉलेजची माहितीपत्रकं सांगतात की आजचे प्रश्न एका विषयात मावत नाहीत, म्हणून शिक्षणही अनेक विषयांना जोडणारं हवं. ऐकायला भारदस्त आहे. पण विषय शेजारी शेजारी मांडले म्हणजे ते जोडले जातात असं नाही. मिसळीत मटकी, फरसाण, कांदा, सगळं असतं. कट जमला नाही तर ती मिसळ होत नाही. या पदवीतला कट कोणता, हे शोधायचं असेल तर माहितीपत्रकं बाजूला ठेवून एक पुस्तक आणि एक कॉलेज तपासणं जास्त उपयोगाचं आहे.

पुस्तक आहे यूजीन फर्ग्युसन यांचं 'इंजिनिअरिंग अँड द माइंड्स आय'. १९९२ साली एमआयटी प्रेसने ते काढलं. फर्ग्युसन आधी मेकॅनिकल इंजिनिअर आणि मग तंत्रज्ञानाचे इतिहासकार. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इंजिनिअरचा बराचसा विचार शब्दांत किंवा समीकरणांत होत नाही, तो चित्रांत होतो. पूल असो वा इंजिन, ते आधी डोळ्यांपुढे उभं राहतं, मग कागदावर उतरतं आणि त्यानंतर त्याचं गणित मांडलं जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन कॉलेजांनी हा डोळा तयार करणारे विषय, म्हणजे ड्रॉइंग आणि वर्कशॉप, हळूहळू बाहेर काढले. विज्ञानाला प्रतिष्ठा होती आणि संशोधनाला सरकारी पैसा. १९५५च्या ग्रिंटर अहवालाने या बदलावर शिक्कामोर्तब केलं: मूलभूत इंजिनिअरिंग विज्ञानं वाढवा, हातकौशल्याचे विषय कमी करा. हर्बर्ट सायमन यांनी १९६९ साली 'द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशियल'मध्ये वेगळ्या वाटेने जवळपास हीच तक्रार केली होती. विज्ञान होण्याच्या नादात व्यावसायिक शिक्षणातून डिझाइन हद्दपार झालं, असं त्यांचं निरीक्षण होतं.

ही तक्रार म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं 'आमच्या वेळी' नव्हे. पुस्तक आलं त्या काळात हबल दुर्बीण बातम्यांत होती. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि काही आठवड्यांत कळलं की तिला नीट दिसत नाही. २.४ मीटर व्यासाच्या मुख्य आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली होती. कारण असं की आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. गंमत पुढेच आहे. दुसऱ्या, साध्या उपकरणाने घेतलेल्या चाचण्यांत दोष दिसला होता. पण ते उपकरण कमी अचूक म्हणून त्याचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली तेव्हा दुर्बिणीला दृष्टी आली. तिथे गणित कुणाला येत नव्हतं असं नाही. दोन मोजमापं जुळत नाहीत म्हणजे थांबायला हवं, हा निवाडा करणारं माणूस योग्य जागी नव्हतं.

इथवर फर्ग्युसन पटतात. पण महाराष्ट्रात शिकलेला इंजिनिअर हे पुस्तक वाचताना थबकतो, कारण आपल्याकडे ड्रॉइंग कधी गेलंच नव्हतं. पहिल्या वर्षाला मिनी ड्राफ्टर, शीटची गुंडाळी, एन. डी. भट्ट यांचं जाडजूड पुस्तक आणि वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब, हे सगळं होतं. मग आपला डोळा तयार झाला का? ज्याने हॉस्टेलवर एक रात्र काढली आहे त्याला 'जीटी' म्हणजे काय ते सांगायला नको. तपासून झालेली एक शीट, तिच्यावर कोरी शीट, खाली काच, काचेखाली दिवा. ग्लास ट्रेसिंग. एका शीटच्या चाळीस शीटा होत. आणि फिटिंगचा जॉब बसत नसेल तर वर्कशॉपचे मामा होतेच. त्यांच्या चार फटक्यांत तो बसे.

ही आळशी पोरांची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. जिथे प्रश्न छापील असतो, उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि चाळीस जणांचं उत्तर तंतोतंत सारखं असणं हीच अपेक्षा असते, तिथे नक्कल करणं हाच शहाणपणा ठरतो. हात चालतो, डोळा मिटलेलाच राहतो. म्हणजे ड्रॉइंग काढून टाकल्याने डोळा गेला हे फर्ग्युसन यांचं निदान अर्धं आहे. ड्रॉइंग ठेवूनही तो जातो. विद्यार्थ्याला प्रश्न स्वतः लिहावा लागतो की नाही, यावर ते ठरतं.

आता कॉलेज. बॉस्टनजवळ नीडहॅम इथे ऑलिन कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आहे. १९९७ साली त्याला सनद मिळाली. एफ. डब्ल्यू. ऑलिन फाउंडेशनने ४० कोटी डॉलरहून जास्त रक्कम ओतून ते कोऱ्या पाटीवर उभं केलं. विभाग नाहीत, प्राध्यापकांना कायमची नोकरी नाही. पहिली तुकडी २००२ साली आली, पण त्याच्या आधी एक वर्ष १५ मुलगे आणि १५ मुली नुसत्या अभ्यासक्रम घडवायला मदत म्हणून बोलावल्या होत्या. विद्यार्थ्यांनी प्रश्न लिहावा याची सुरुवात म्हणजे कॉलेज कसं असावं हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला गेला.

पहिल्याच सत्रात 'डिझाइन नेचर' नावाचा विषय असतो. एखाद्या प्राण्याच्या हालचालीवरून खेळणं बनवायचं, आणि पुढे गटाने केलेलं काम चौथीतल्या मुलांसमोर ठेवायचं, अशी त्याची रीत राहिली आहे. नऊ वर्षांच्या मुलाला तुमचं समीकरण दाखवून उपयोग नसतो. खेळणं उडी मारत नसेल तर ते उठून दुसऱ्या टेबलाकडे जातं. दुसऱ्या वर्षी, वर्षानुवर्षं 'युजर ओरिएंटेड कोलॅबरेटिव्ह डिझाइन' या नावाने शिकवला गेलेला विषय: एक लोकसमूह निवडायचा, त्यांना भेटायचं, त्यांचा दिवस कसा जातो ते बघायचं आणि त्यांना काय हवं आहे ते शोधायचं. शेवटच्या वर्षी कंपनीने दिलेल्या कामावर गटाने वर्षभर राबायचं. या सगळ्यासाठी ऑलिनच्या तिघा धुरिणांना २०१३ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचं गॉर्डन पारितोषिक मिळालं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात २०१५ साली जेम्स डायसन फाउंडेशनच्या १.२ कोटी पौंडांतून डिझाइन इंजिनिअरिंगचं स्वतंत्र स्कूल निघालं. आयआयटी मद्रासमध्येही इंजिनिअरिंग डिझाइनचा वेगळा विभाग आहे. वारं कोणत्या दिशेने आहे ते स्पष्ट आहे.

या अभ्यासक्रमाचं मोल मला मान्य आहे. इथे जीटी मारता येत नाही, कारण खाली ठेवायला शीटच नसते. पण म्हणून तो जसाच्या तसा डोक्यावर घ्यावा असंही नाही. मला त्यात तीन उणिवा दिसतात.

पहिली, माणसांकडे जाणं सत्रापुरतं असतं. दुसऱ्या वर्षाच्या त्या विषयाची अखेर एका कल्पनेवर आणि तिच्या नमुन्यांवर होते. चालणारी वस्तू हातात देणं हे त्याचं उद्दिष्टच नाही. शिकण्याच्या दृष्टीने यात तथ्य आहे, कारण बनवायची घाई झाली की ऐकणं राहून जातं. पण ज्यांनी आपले तास दिले, घर दाखवलं, अडचणी सांगितल्या, त्यांच्या हाती काय पडलं? आणि वस्तू दिलीच, तरी सहा महिन्यांनी ती मोडते तेव्हा विद्यार्थी पुढच्या वर्गात गेलेला असतो. दुरुस्ती हा डिझाइनचा भाग आहे, किंबहुना आपण लिहिलेला प्रश्न बरोबर होता का, हे वस्तू पहिल्यांदा मोडते तेव्हाच कळतं. प्रदर्शनाच्या दिवशी संपणारं डिझाइन म्हणजे पहिल्या अंकानंतर पडदा पाडलेलं नाटक.

दुसरी उणीव खोलीची. चार वर्षांत तास मोजकेच असतात. मुलाखतींना दिलेला तास कुठून तरी काढलेला असतो. ऑलिन गणित, भौतिकी गुंडाळून ठेवतं असं मी म्हणत नाही. तिथल्या मेकॅनिकलला मान्यता आहे आणि ती फुकट मिळत नाही. पण हा नमुना जिथे कमी तयारीने उचलला जातो, तिथे धोका खरा आहे. पाच विषयांचे पाच जण एका टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाला दुसऱ्याचं थोडं थोडं कळतं, आणि 'हा आकडा चुकला आहे, थांबा' असं म्हणायची ताकद एकातही नसते. हबलच्या आरशाची गोष्ट इथे पुन्हा लागू पडते. निवाडा आकाशातून येत नाही. एका विषयात खोल गेलेल्या माणसालाच दुसऱ्या विषयातली शंका नेमकी विचारता येते. म्हणून या पदवीत एक तरी गोष्ट अशी हवी जी विद्यार्थी झोपेतून उठवलं तरी बरोबर करील. तुळईचं वाकणं असो, धातूचं थकणं असो, की सर्किटमधला गोंगाट.

तिसरी उणीव मला सगळ्यात जास्त टोचते, आणि ती फर्ग्युसन यांच्या पुस्तकातही आहे. अमेरिकेतल्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभी राहिलेली मुलगी 'मेकर' म्हणवली जाते. आयटीआयमध्ये तेच काम शिकलेला मुलगा टर्नर होतो आणि आयुष्यभर टर्नर राहतो. आपल्याकडे या दरीला जातीचा इतिहास आहे. सुतार, लोहार, चांभार किंवा पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतले कारागीर, यांच्या हातातल्या ज्ञानाला कसब म्हटलं, विद्या म्हटलं नाही. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू झालं, त्यानंतर पदवीची प्रतिष्ठा वाढली ती हात काळे न करण्याची प्रतिष्ठा म्हणूनच. फर्ग्युसन कारागिराच्या ज्ञानाचा आदर करतात, पण त्या कारागिराला कॉलेजात कोणती खुर्ची द्यायची, हा प्रश्न त्यांना छळत नाही. ते वर्कशॉपचे मामा आठवा. जॉब कुठे अडतो आहे हे त्यांना हात लावताच कळायचं. फर्ग्युसन ज्याला मनाचा डोळा म्हणतात तो त्या इमारतीत बहुधा त्यांच्याकडेच सर्वात तयार होता. आणि मार्क देण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

पैशाचाही प्रश्न याला जोडून येतो. ऑलिनने सुरुवातीला प्रत्येकाची पूर्ण ट्यूशन माफ केली होती. आर्थिक मंदीनंतर ती सवलत निम्मी झाली. मोकळा प्रश्न घेऊन चुकत चुकत शिकायला वेळ लागतो, साहित्य लागतं, थोडक्या विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. हे महाग आहे. चुकण्याची मुभा ज्यांना परवडते त्यांनाच डिझाइन शिकवायचं असेल, तर कुणाचे प्रश्न लिहिले जातील हेही आधीच ठरून जातं.

म्हणून ही पदवी खरी इंजिनिअरिंग आहे का, याचं सरसकट उत्तर देता येत नाही. प्रत्येक कॉलेजात जाऊन ते शोधावं लागेल, आणि त्यासाठी विषयांची यादी फारशी कामाची नाही. तिथे शिकणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात. तुमच्या शेवटच्या प्रकल्पाचा प्रश्न कुणी लिहिला, आणि तो मध्ये किती वेळा बदलला? तुमचं काम चुकलं आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, आणि ते सांगायला त्या माणसाकडे कोणतं ज्ञान होतं? आणि तुम्ही बनवलेली वस्तू आज कुठे आहे, चालते आहे का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण हसून गप्प होतात. ज्या कॉलेजात एखादी मुलगी गप्प न बसता, ती वस्तू दोनदा मोडली, आम्ही दोनदा जाऊन दुरुस्त केली आणि तेव्हा कळलं की मूळ प्रश्नच वेगळा होता, असं सांगते, तिथे फी भरायला हरकत नाही.