आठ लाखांची रेघ

शाळेच्या जनरल रजिस्टरातला नंबर पाहून कुणी मुलाचे वय सांगू लागला, तर आपण त्याला हसू. त्या नंबरावरून कळतो तो दाखल होण्याचा क्रम. कितीतरी जणांच्या दाखल्यावर १ जून हीच जन्मतारीख कशी आली, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. पण तसाच नंबर पोलादावर ठोकलेला असला, की भलेभले त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. जुन्या लष्करी रायफलींचे साल त्यांच्या क्रमांकावरून सांगणारे तक्ते वाचताना आम्हाला हे वारंवार जाणवले.

अशा तक्त्यांचा एक जुना आधार म्हणजे ज्युलियन हॅचर यांचे १९४७ सालचे ‘हॅचर्स नोटबुक’ हे पुस्तक. हॅचर हे अमेरिकी लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागातले अधिकारी. त्यांच्या पुस्तकातला १९०३ सालच्या स्प्रिंगफील्ड रायफलीवरचा भाग विज्ञान शिकवणाऱ्याने वाचावा असा आहे. मात्र तो जसा वाचला गेला, त्याबद्दल आमची तक्रार आहे.

हकिगत अशी. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि त्याच वर्षी काही रायफली गोळी झाडताना फुटल्या. फुटला तो रिसीव्हर, म्हणजे ज्यात नळी बसते आणि ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो तो पोलादी भाग. गोळी झाडणाऱ्याचा चेहरा त्याच्यापासून वीतभरावर असतो. चांगले पोलाद जास्त दाबाखाली वाकते, ताणले जाते. हे मात्र काचेसारखे तुकडे होऊन उडाले.

शोध घेता घेता तपास भट्टीपाशी पोहोचला. पोलाद किती तापले हे जुने, कसबी कामगार त्याच्या रंगावरून नजरेने ठरवत. तापमापक यंत्रे लावून पाहिले तेव्हा कळले, की उजेड बदलला की नजरेचा अंदाजही बदलतो. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेले लोखंड फिकट दिसते, म्हणून कामगार ते आणखी तापवत. ढगाळ दिवशी तोच रंग कमी तापमानालाच दिसे. हा फरक ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जाई, म्हणजे सुमारे १६७ अंश सेल्सिअस. (हा तापमानातला फरक आहे, म्हणून येथे ३२ वजा करायचे नाहीत. मुले हमखास करतात.) अति तापलेल्या पोलादाचे स्फटिककण मोठे होतात आणि ते ठिसूळ बनते. आपल्याकडचा लोहार कोयत्याला पाणी देण्याआधी त्याचा रंग छपराच्या सावलीत पाहतो, तो उगीच नव्हे.

१९१८ मध्ये उष्णता देण्याची पद्धत बदलली. तापमान यंत्राने मोजले जाऊ लागले, आणि पृष्ठभाग कठीण पण गाभा चिवट राहील अशी दुहेरी प्रक्रिया आली. आता प्रश्न असा, की हातातली रायफल जुन्या पद्धतीची की नव्या? उत्तरासाठी क्रमांकाचा आधार घेतला गेला. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या रायफलींसाठी ८,००,००० आणि रॉक आयलंड कारखान्याच्या रायफलींसाठी २,८५,५०७ या क्रमांकांवर रेघ ओढली गेली.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दुसरा एककापर्यंत नेमका आहे, पहिला गोल. बदल नेमका कुठे झाला याची काटेकोर नोंद हाती नसली, की माणूस सुरक्षित बाजूचा गोल आकडा घेतो. तो शहाणपणाचाच असतो. पण पुढच्या वाचकांनी या रेघेचा निसर्गनियम केला: अलीकडची रायफल फुटणार, पलीकडची फुटणार नाही. हॅचर यांनी १९१७ ते १९२९ या काळात फुटलेल्या रिसीव्हरांची दिलेली संख्या ६८ आहे. रेघेच्या अलीकडे दोन्ही कारखान्यांच्या मिळून दहा लाखांहून अधिक रायफली होत्या. म्हणजे प्रमाण ढोबळमानाने लाखाला सहा. त्यातही सदोष काडतुसे होती, आणि चुकून भरलेली जर्मन काडतुसेही होती. ठिसूळ पोलाद आणि जादा दाब एकत्र आले की अपघात होई. क्रमांकावरून धोक्याचा गट कळतो, त्या गटातली ठिसूळ रायफल कोणती हे कळत नाही.

मग क्रमांक निरुपयोगी का? तसे नाही. नेमकी रायफल ओळखता येत नव्हती, म्हणूनच लष्कराने पुढे अख्ख्या गटाविषयी धोरण ठरवले: हाती असलेल्या रायफली राहू द्यायच्या, पण दुरुस्तीला आल्या की त्यांचे जुने रिसीव्हर बाद करायचे. आज कुणी असे शस्त्र झाडायचा विचार करत असेल, तर त्यानेही तीच सावधगिरी बाळगावी, असे आम्हाला वाटते. डोळा गमावल्यावर लाखाला सहा हे प्रमाण कामाचे नाही.

सालाची गोष्ट आणखी नाजूक आहे. क्रमांक रिसीव्हरवर असतो. नळी वेगळी बनते, आणि या रायफलीत तिच्या पुढच्या टोकाशी महिना व साल ठोकलेले असते. नळी झिजली की बदलतात. त्यामुळे युद्धापूर्वीच्या रिसीव्हरवर युद्धानंतरची नळी सापडते. अशा रायफलीचे साल कोणते? तक्ता एकच सांगतो. वस्तू दोन सांगते, आणि दोन्ही खरी असतात.

शिवाय प्रत्येक देशाची रीत निराळी. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन माउझर के-९८के रायफलींचे क्रमांक प्रत्येक कारखान्यात दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत आणि पुढे त्यांना अक्षरे जोडली जात. तेथे नुसत्या क्रमांकावरून साल निघतच नाही. ते रिसीव्हरवर वेगळे कोरलेले असते. तक्ता उघडण्याआधी क्रमांक कोणी, कशावर आणि कधी घातला, हे विचारायला हवे. संग्राहकांचे तक्ते हा प्रश्न क्वचितच विचारतात, हा त्यांचा खरा दोष.

वर्गासाठी यात दोन सोपे धडे आहेत. शिक्षकांनी स्वतः सांडशीत धरून एक खिळा गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवावा आणि तो आधी अंधाऱ्या खोलीत, मग पुन्हा तितकाच तापवून उन्हात दाखवावा. अंधारात लाल दिसणारा खिळा उन्हात काळा दिसेल. दुसरा धडा रजिस्टराचा. दहा नंबर आणि त्यांच्यासमोरच्या जन्मतारखा, नावे झाकून, फळ्यावर लिहाव्यात, आणि नंबरावरून वय कितपत ओळखता येते ते मुलांनीच तपासावे. अंदाज पुष्कळसे बरोबर येतील. जे चुकतील, त्यांच्यामागे दुसऱ्या गावाहून आलेला, शाळा सुटून पुन्हा आलेला असा कुणीतरी असेल. त्याची चौकशी करायला मुले शिकली, तर हॅचर यांचा तक्ताही ती नीट वाचतील.