राजपुत्राचे स्वप्न, गुलामाचा डाग

एक गुलाम राजसत्तेपर्यंत पोचतो आणि खलनायक ठरतो. एक राजपुत्र काही काळ गुलामाचे कपडे घालतो आणि मुक्तिदाता ठरतो. अशा कथेकडे आपण, म्हणजे गुलामगिरीचा शब्द पुस्तकातून नव्हे तर घरातून शिकलेल्यांनी, कसे पाहावे? रिडली स्कॉट यांच्या 'ग्लॅडिएटर टू' या चित्रपटाने हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत आला आणि मार्च २०२५ मध्ये त्याची डिस्क निघाली. एका मित्राने परदेशातून येताना ती आणली, म्हणून हे लिहिणे शक्य झाले.

चित्रपटगृहात हा चित्रपट माणसाला विचार करू देत नाही. आखाड्यात पाणी भरून जहाजांची लढाई होते, त्या पाण्यात शार्क मासे सोडलेले असतात, गेंडा अंगावर धावून येतो आणि आवाज छातीत घुमत राहतो. डिस्क मात्र थांबवता येते, मागे नेता येते. चित्र अतिशय स्वच्छ आहे, आवाजही चोख आहे. पण या स्वच्छपणाचा एक तोटा असा की, सुरुवातीला ग्लॅडिएटरांवर सोडलेली माकडे संगणकाने रंगवलेली आहेत हे लपत नाही. तांत्रिक बाबींविषयी एवढे पुरे.

कथा थोडक्यात अशी. मार्कस ऑरेलियस या सम्राटाचा नातू ल्युशियस लहानपणी रोमबाहेर पाठवला जातो आणि आफ्रिकेतल्या न्युमिडियात वाढतो. रोमन सैन्य ते नगर जिंकते, त्याची पत्नी मारली जाते, तो गुलाम होतो. त्याला विकत घेतो मॅक्रिनस. हा ग्लॅडिएटरांचा मालक स्वतः एकेकाळी गुलाम होता. मॅक्रिनस वेडसर सम्राट बंधूंना, गेटा आणि कॅराकॅला यांना, खेळवत सत्तेजवळ पोचतो. शेवटी ल्युशियस त्याला ठार करतो आणि दोन सैन्यांपुढे उभा राहून आजोबांच्या स्वप्नातल्या रोमविषयी बोलतो. सैनिक त्याला मानतात. का मानतात? त्याने काही केले म्हणून नव्हे, तो कोणाचा नातू आहे हे कळले म्हणून.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. कर्णाचे शौर्य सूतपुत्राचे आहे तोवर सभेला खुपते. तो कुंतीचा आहे हे कळताच सारे हळहळतात. गुण खाली जन्मूच शकत नाही, दिसलाच तर त्याचे मूळ वर कोठेतरी सापडले पाहिजे, हा नियम हस्तिनापुरात आहे तसा हॉलिवूडमध्येही आहे. पहिल्या 'ग्लॅडिएटर'चा नायक मॅक्सिमस हाही मुळात सेनापतीच होता. दुसऱ्या भागाने एक पायरी वर चढून थेट राजरक्त आणले.

आता खलनायकाविषयी. मॅक्रिनस ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. आजच्या अल्जीरियातल्या सीझेरिया नगरचा हा मूर, सिनेटच्या खालच्या, इक्वेस्ट्रियन म्हणवणाऱ्या वर्गातला. इ. स. २१७ मध्ये कॅराकॅलाचा खून झाल्यावर तो सम्राट झाला आणि २१८ मध्ये मारला गेला. सिनेटचा सभासद न होता सम्राटपद मिळवणारा तो पहिला माणूस. त्याच्याविषयी लिहिले कोणी? कॅसियस डिओने, जो स्वतः सिनेटर होता. त्याने मॅक्रिनसच्या हलक्या कुळाचा उल्लेख केला आणि मूर लोकांच्या रिवाजाप्रमाणे टोचलेल्या कानाचाही. पुढच्या काळातल्या एका बदनामीकारक चरित्राने त्याच्या माथी गुलामपण आणि आखाडाही मारला. वरच्या वर्गाने पिकवलेली ही कंडी अठराशे वर्षांनी अमेरिकन पटकथेचा पाया होते आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही! वर चढलेल्या माणसाकडे, "हा येथवर आला तरी कसा?" अशा नजरेने पाहण्याची रीत आम्हा पहिल्या पिढीच्या पदवीधरांना स्टाफरूममधून चांगली परिचित आहे.

सम्राटबंधूंच्या बाबतीत तर चित्रपटाने उलटीच करामत केली आहे. त्यांचा पिता सेप्टिमियस सेव्हरस आफ्रिकेतल्या लेप्टिस मॅग्नाचा, आई ज्युलिया डोम्ना सिरियाची. पडद्यावर ते गोरेपान पांढऱ्या चेहऱ्याचे दिसतात. आफ्रिकेचा रंग उरतो तो मॅक्रिनसच्या भूमिकेतल्या डेन्झेल वॉशिंग्टन यांच्यापुरता. शिवाय याच कॅराकॅलाने २१२ मध्ये साम्राज्यातल्या सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व दिले. कर वाढवण्यासाठी दिले असे डिओ म्हणतो. गुलामांना तर दिलेच नाही. पण रोमन कोण, हा प्रश्न त्या काळी प्रत्यक्ष उभा होता. चित्रपटाला त्याचे सोयरसुतक नाही. त्याला माकडाला कॉन्सल करणारा वेडा हवा आहे.

आणि तरीही चित्रपटात एक क्षण असा आहे, ज्यासाठी डिस्क थांबवावी. मॅक्रिनस ल्युशियसच्या आईला, ल्युसिलाला, आपल्या अंगावरचा डाग दाखवतो. तो डाग मार्कस ऑरेलियसचा आहे. ज्या तत्त्वज्ञ सम्राटाच्या स्वप्नाचा दोन्ही चित्रपट जयजयकार करतात, तोच याचा मालक होता. माझ्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांना हा भाग दाखवला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग ते स्वप्न याला कसं पटेल?" पटकथेला जो प्रश्न पडायला हवा होता तो तिला पडला. चित्रपट तो डाग दाखवतो आणि घाईने पुढे जातो. मालकाचे स्वप्न शाबूत राहते, डाग मात्र विकृत महत्त्वाकांक्षेचे कारण म्हणून वापरला जातो.

मॅक्रिनसच्या तोंडी एक वाक्य असे की, गुलाम स्वातंत्र्याचे नव्हे, स्वतःच्या मालकीच्या गुलामाचे स्वप्न पाहतो. यात मुळीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. प्रत्येक पायरीला तुडवायला खालची पायरी मिळते म्हणून जातींची उतरंड टिकते, हे बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेच्या विवेचनात दाखवले आहे. पण बाबासाहेब तो दोष रचनेचा मानतात आणि रचना मोडायला सांगतात. चित्रपट तो दोष गुलामाच्या स्वभावात घालतो आणि उपाय म्हणून चांगला राजा देतो. लाहोरला होऊ न शकलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी रोमचाच दाखला दिला आहे. प्लेबियनांना आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळाला, पण देवीचा कौल सांगणारे पुरोहित पॅट्रिशियन होते. त्यामुळे खंबीर प्लेबियन त्या पदावर टिकूच शकत नसे. 'ग्लॅडिएटर टू' पाहताना मला तो कौल आठवत राहिला. आज पडद्यावरून कौल दिला जातो: हा माणूस हुशार आहे, पण चालणार नाही.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या चित्रपटाकडून एवढी अपेक्षा कशाला? त्यांनी स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९६० चा 'स्पार्टाकस' पाहावा. तोही मोठ्या खर्चाचा, तोही तारकांचा. त्याची कादंबरी १९५१ ची, तुरुंगात जाऊन आलेल्या हॉवर्ड फास्टची; पटकथा डाल्टन ट्रंबोची, ज्याच्या नावावर हॉलिवूडने बहिष्कार टाकला होता. तेथे नायक खराखुरा गुलाम आहे आणि शेवटी त्याचा कोणी राजवंशीय बाप निघत नाही. प्रत्यक्षात त्या बंडानंतर, इ. स. पूर्व ७१ मध्ये, कापुआ ते रोम रस्त्यावर सहा हजार गुलाम क्रुसावर चढवले गेले. म्हणजे गुलामाला नायक करून गर्दी खेचता येते, हे १९६० मध्येच सिद्ध झाले होते.

डिस्कवरची पूरक सामग्री दीड तासाहून अधिक आहे. माल्टात कोलोसियमचा काही भाग कसा उभारला, गेंडा यंत्राने कसा चालवला, चिलखते कशी घडली, हे सारे तपशीलवार येते. सुतार, शिंपी, रंगारी यांचे हात येथे दिसतात आणि हा भाग मला मूळ चित्रपटापेक्षा आवडला. वगळलेली दृश्येही आहेत. मी ती आशेने पाहिली. मॅक्रिनसच्या गुलामपणाला न्याय देणारे काही त्यांतून माझ्या हाती लागले नाही.

रवी नावाचे एक पात्र आहे. नाव आपल्याकडचे. पूर्वी ग्लॅडिएटर होता, सुटका मिळाल्यावर निघून न जाता जखमी ग्लॅडिएटरांवर उपचार करीत राहिला. मॅक्रिनसच्या त्या वाक्याला उत्तर देणारा माणूस चित्रपटातच आहे! सुटलेल्या गुलामाने दुसरा गुलाम विकत घेतला नाही, तो त्याच्या जखमा शिवत बसला. पटकथेने त्याला मोजकी मिनिटे दिली, कारण त्याला कोणाचा वारसा नाही.

ज्या शिक्षकांना प्राचीन रोम शिकवायचा आहे त्यांनी ही डिस्क जरूर मिळवावी, मात्र सबंध दाखवू नये. अडीच तासांचा तास कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही. डागाचे दृश्य आणि रवीची दोन-तीन दृश्ये पुरेत, सोबत डिओचा टोचलेल्या कानाचा मजकूर वाचावा. आमच्या ग्रंथालयाच्या यादीत मी 'स्पार्टाकस' लिहून दिला आहे.