सशुल्क आणि निःशुल्क : सातारा-सांगलीच्या बोलीचा श्रोता

दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांची सूची ही निव्वळ व्यापाराची बाब होय, अशी समजूत असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाने तिची फारशी दखल घेतलेली नाही. वस्तुतः कोणत्या घरात कोणती मराठी ऐकू यावी, हे आज पुष्कळ अंशी ही सूचीच ठरविते. प्रस्तुत टिपणात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरता या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आश्रयाचे रंजन आणि तिकिटाचे रंजन हा भेद या भूमीस नवा नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, ते चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. पुढे तो आश्रय सरला आणि मंडळी गावोगाव तिकीट लावून खेळ करू लागली. पैसा कोठून येतो यावरून खेळ कोणासाठी रचला जातो ते ठरते, हे सूत्र तेव्हापासूनचे आहे.

निःशुल्क बाजूस दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले. १९९४ मध्ये मराठी उपग्रह वाहिनी आली व २००० साली तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सेवा २०१४ पासून ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. छत्री व पेटी एकदा घेतली की मासिक वर्गणी नाही. परंतु या सूचीत जागा मिळविण्याकरिता खाजगी वाहिन्या प्रसार भारतीच्या लिलावात बोली लावतात. १ मार्च २०१९ पासून मोठ्या प्रक्षेपक समूहांनी आपल्या निःशुल्क हिंदी वाहिन्या तेथून काढून घेतल्या. २०२० मध्ये त्या परतल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा गेल्या. प्रेक्षकास कोणी विचारले नाही. जो दाम देत नाही, त्याला तक्रारीचाही अधिकार उरत नाही.

सशुल्क बाजूची स्थिती दिसावयास निराळी आहे. १९९९ साली अल्फा मराठी (आजची झी मराठी), २००० साली ई टीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी) व २००८ साली स्टार प्रवाह आली. २०१९ मध्ये अमलात आलेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या व्यवस्थेने ग्राहकास एकेक वाहिनी निवडण्याचा अधिकार दिला. तथापि सुट्या वाहिन्यांच्या बेरजेपेक्षा जुडगा स्वस्त पडतो. म्हणून ग्राहक ‘पॅक’ घेतो आणि निवड पुन्हा विक्रेत्याकडे जाते.

भाषेच्या दृष्टीने खरी विसंगती येथेच आहे. २०१७ ते २०१९ या काळात झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ ही मालिका झाली. सैन्यात जाण्याची आस धरलेल्या सातारच्या तरुणाची ही कथा. अपशिंगे मिलिटरीसारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तेथे हा विषय घरचाच होय. तिच्यामुळे सातारी बोली नायक-नायिकेच्या मुखी आली, हे श्रेय निःसंशय तिचे. परंतु ती वाहिनी सशुल्क होती. ज्या घरात ही बोली दिवसभर बोलली जाते, तेथे केवळ निःशुल्क छत्री असेल, तर तिला आपलेच बोलणे पडद्यावर ऐकावयास मिळाले नाही. मोबाइलवर तुकडे पाहता येतात हे खरे. पण घरातील आजीने, सुनेने व नातवाने एकत्र बसून ऐकणे निराळे.

दुसरा दोष बोलीच्या चित्रणाचा. मालिकांतील ग्रामीण संवादांत ‘हाय’, ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘लय’ अशी मोजकी चिन्हे पेरलेली असतात. वाक्याची घडण मात्र बहुधा प्रमाण मराठीचीच राहते. मुंबई-पुण्याच्या वर्गणीदारास समजेल इतकीच बोली, अशी ही मर्यादा आहे. तिकीट घेणाऱ्याची आवड ती हीच.

मुद्रणाच्या सोयीचाही विचार येथे केला पाहिजे. २००८ साली टाटा स्कायने ‘प्लस’ पेटीद्वारे कार्यक्रम साठविण्याची सोय आणली. उसाला पाण्याची पाळी रात्री आलेल्या शेतकऱ्यास तिचा उपयोग उघड आहे. पण अशा पेटीतील मुद्रण पेटीबाहेर नेता येत नाही. ते सोय आहे, संग्रह नव्हे. निःशुल्क पेट्यांपैकी काहींत यूएसबी साधनावर मुद्रण होते. म्हणजे संग्राह्य भाषा एका बाजूस व संग्रहाचे साधन दुसऱ्या बाजूस, असा प्रकार झाला आहे. वीस वर्षांनी या बोलीचे पडद्यावरील रूप कोणी अभ्यासू म्हणेल, तर त्याच्या हाती काय असेल?

जत तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड बोलणाऱ्या घरास फ्री डिशवर दूरदर्शनची ‘चंदना’ वाहिनी विनावर्गणी लाभते. सार्वजनिक प्रक्षेपणाने भाषेचा श्रोता सांभाळता येतो, याचा हा दाखला. बोलीच्या श्रोत्यासाठी तसे कोणी केलेले नाही. ‘सह्याद्री’ने सातारी-सांगलीकर बोलीतील सलग कार्यक्रम करावेत, आणि भाषा-विभागांनी त्यांच्या मुद्रित प्रती मागून जतन कराव्यात. दोन्ही गोष्टी साध्य आहेत, व दुसरी तर आपल्याच हाती आहे.